ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलाय म्हणतात, बदलू का? (२०११ ची डिझेल एसयूव्ही, पुणे)

धायरीकर

नमस्कार मंडळी. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की अर्धे प्रतिसाद "ती कंपनीच तसली" आणि उरलेले "माझी तर तीन लाख चालली, काय धाड भरलीये" असे येतात आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. तर सात सीटर डिझेल, कॉमन रेल, २०११ चं मॉडेल, एमएच १२ पासिंग, पहिल्यापासून घरातच आहे, बाबांनी घेतलेली, पावणेदोन लाखाच्या पुढे रनिंग.

प्रॉब्लेम असा की थंड गाडी एकदम मस्त, सकाळी हाफ सेलवर स्टार्ट. गरम झाली की मग नाटकं. खंबाटकी चढताना किंवा सिंहगड रोडला एसी लावून ट्रॅफिकमध्ये रखडलो की चेक इंजिन लागतो, पिकअप जातो, ॲक्सिलरेटर दाबला तरी ढिम्म, कधी नुसती लिंप मोडला जाते (कमी ताकदीवर रांगते) तर कधी सरळ बंद. मग सेल मारला की इंजिन फिरतं पण उचलत नाही. बॉनेट उघडं टाकून चहा पिऊन आलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते.

गॅरेजवाल्याने आधी क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजतो तो) बदलला, मग डिझेल फिल्टर, फरक शून्य. मग सर्व्हिस सेंटरला नेली. स्कॅनरवर पी०६०६ आणि पी०६४२ हे एरर कोड आले, मधूनच पी०३३५ (क्रँक सेन्सरचा). ते म्हणाले ईसीयू गेला, नवीन टाकावा लागेल, शिवाय चावीचं कोडिंग, सगळं धरून ऐंशी हजाराच्या आसपास, पार्ट ऑर्डर करून मागवणार आणि एकदा मागवला की परत घेणार नाही. नाना पेठेत विचारलं तर एकजण म्हणाला जुना देतो पंधरात, कपलर लावा आणि पळवा. आता ऐंशी आणि पंधरा यात एवढा फरक कशाचा ते मला कळेना. आणि मुळात ईसीयूच गेलाय हे नक्की कसं समजायचं? मीटर घरी आहे, वापरता येतो बऱ्यापैकी.

मीटरवाला_काका

अरे "मागवला की परत घेणार नाही" हे ऐकलं ना की खिशातून आधी मीटर काढायचा, पाकीट नंतर.

पी०६०६ म्हणजे ईसीयूच्या प्रोसेसरची तक्रार, बरोबर, पण तो कोड व्होल्टेज खाली बसलं किंवा अर्थ (बॉडीला जाणारी निगेटिव्ह वायर) ढिला असला तरी येऊ शकतो, ईसीयूला स्वतःलाच नीट जेवण मिळालं नाही तर तो बरळणारच. आणि खरा धागा तुझ्या दुसऱ्या कोडमध्ये आहे. पी०६४२ म्हणजे सेन्सरना जी ५ व्होल्टची रेफरन्स सप्लाय जाते ती कमी पडतेय. ही सप्लाय ईसीयू आतमध्ये तयार करतो आणि एकाच लाइनवरून बऱ्याच सेन्सरना वाटतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, किंवा एखादी वायर इंजिनवर घासून सोलली, की अख्खी लाइन खाली बसते आणि त्या लाइनवरचे सगळे बिचारे खोटे कोड टाकतात. तुझा क्रँक सेन्सर हॉल टाइप (ह्याच ५ व्होल्टवर चालणारा) असेल तर पी०३३५ पण तिथूनच आलाय, सेन्सर उगाच बदलला तुझा.

तर ईसीयूला हात लावायच्या आधी हे बघ. बॅटरी रात्रभर उभी राहून सकाळी १२.५-१२.६ पाहिजे. सेल मारताना १० च्या खाली जाता कामा नये. चालू गाडीत १३.८ ते १४.५ च्या मधे. मीटर एसी व्होल्टच्या रेंजवर टाकून बॅटरीवर लाव, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय, तो एकटा ईसीयूला वेडा करू शकतो. मग अर्थ. लोक काय करतात, कंटिन्यूटी लावतात, पी आवाज आला की अर्थ ओके. काही ओके नसतं. वायरची केसाएवढी एक तार जरी शिल्लक असली तरी मीटर पी वाजवतो. गाडी चालू ठेव, हेडलाइट, ब्लोअर, मागचा डिफॉगर सगळं लाव, आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ईसीयूच्या अर्थ पिनला मागून टोचून लाव. ०.१ च्या आत पाहिजे. जास्त असेल तर अर्थमध्येच घोळ आहे. सप्लायच्या बाजूला पण तसंच, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घे आणि ईसीयूच्या सप्लाय वायर आणि अर्थ वायरच्या मधे जोड, भक्कन पेटला पाहिजे, मिणमिणला तर रिले किंवा फ्यूजबॉक्स बघायचा.

हे सगळं नीट निघालं की मगच ५ व्होल्ट. इग्निशन ऑन, इंजिन बंद, कुठल्याही तीन वायरच्या सेन्सरच्या कपलरवर मोज. गरम झाल्यावर खाली बसलं की एकेक सेन्सरचं कपलर काढत जा, रेल प्रेशर (डिझेलचा दाब), बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), पेडल, जे जे त्या लाइनवर असेल ते. एखादं काढल्यावर ५ परत आले की चोर सापडला, हजार-दोन हजारात काम.

इंजेक्टरच्या वायरींना मात्र चालू गाडीत अजिबात टोचू नकोस, तिथे ईसीयू कपॅसिटरमधून ६५-८० व्होल्टचा झटका देतो, तुला लागेल ते लागेल आणि ईसीयूतलं इंजेक्टर चालवणारं सर्किट उडालं तर मग खरंच ऐंशी हजार.

पेठकर

२०११ चं मॉडेल म्हणजे पंधरा वर्षं भरली. पुनर्नोंदणी, फिटनेस, वर पर्यावरण कर, आणि आता ईसीयू. विकून टाका आणि मेट्रोने फिरा. एवढ्या पैशात स्वारगेट ते पिंपरी किती वेळा होईल हिशोब करा.

धायरीकर

@पेठकर धायरीला मेट्रो आली की सांगा, लगेच विकतो.

@काका खूप धन्यवाद, इतकं कोणी सांगितलंच नव्हतं. शनिवारी बसतो.

भोसरी_गॅरेज

भाऊ काकांनी सांगितलं ते करच पन त्याच्या आधी डोळ्यांनी बघ. वायपरच्या खाली जी काळी जाळी असते ती उचल. तुमच्याकडं सोसायटीत गुलमोहर आसंल तर तिथं पाल्याचं खत झालेलं आसतंय, पाणी जायचा नळा बुजतो आन पावसाळ्यात सगळं पाणी वायरिंगवरनं खाली ईसीयूच्या कपलरवर. कपलर खोलून पिना बघ, हिरव्या पडल्या आसतील तर समजून जा. बॅटरी काढल्याशिवाय कपलर खोलू नको, आन चावी बंद केल्यावर पाच-धा मिनिटं थांब, मेन रिले लगेच सुटत न्हाय.

दुसरं उंदीर. पुण्यात पार्किंगमधली गाडी म्हंजे उंदरांची लॉजिंग-बोर्डिंग. हार्नेसवरचं (वायरींच्या जुडग्यावरचं) टेप काढून बघितल्याशिवाय कोणी वायर चांगली म्हनलं तर इश्वास ठिवू नको. माझ्याकडं अशा लई गाड्या येतात, ईसीयू गेला म्हनून आनतात आन निघते कुरतडलेली वायर.

तिसरं, कुठं वेल्डिंग केलंय का गाडीला मधी? बंपर, सायलेन्सर, कॅरियर, कायबी. बॅटरी न काढता आर्क वेल्डिंग केलं की ईसीयूला झटका बसतो, लगेच मरत न्हाय, चार-सा महिन्यानं नाटकं चालू.

फर्मवेअरताई

वेल्डिंगच्या मुद्द्याला +१. जंप स्टार्टला केबल उलटी लागली असेल तरी तेच.

धायरीकर

बसलो होतो मीटर घेऊन. सोसायटीतले दोन काका बघायला उभे होते, त्यातले एक शेवटपर्यंत "रेडिएटर बघ" म्हणत होते.

बॅटरी १२.५, सेल मारताना १०.७, चालू गाडीत १४.१, बॅटरीवर एसी व्होल्ट नगण्य. अर्थला मात्र सापडलं, सगळे लोड लावल्यावर ईसीयूच्या अर्थ पिनवर ०.६ दाखवत होतं. बॅटरी ट्रेच्या खाली जिथे अर्थची वायर बॉडीला बोल्ट केलीये तिथे लग (वायरच्या टोकाचं कडं) काळा पडून खालचा पत्रा गंजला होता. पॉलिश पेपर मारून पत्रा चमकवला, नवीन लग लावला, वरून ग्रीस. आता ०.०५. मला वाटलं सुटलो. सेलचा आवाज पण बदलला. वायपरखाली भोसरीभाऊंनी सांगितलं तसं खतच होतं, नळा गच्च. कपलरच्या दोन-तीन पिनांवर हिरवट डाग, कॉन्टॅक्ट क्लीनर तापकीर गल्लीतून आणला, मारला, वाळवला. उंदीर नाही, वेल्डिंग पण नाही.

पण रविवारी कात्रजच्या घाटात परत तेच. आता पी०६०६ येत नाही, फक्त पी०६४२ आणि त्याच्या मागोमाग पी०३३५. थंड गाडीत ५ व्होल्टला ४.९८, गाडी बंद पडली तेव्हा ३.२ च्या आसपास आणि आकडा नाचत होता. बूस्ट सेन्सर काढला, रेल प्रेशर काढला, पेडल काढलं, क्रँक काढला, एसी प्रेशरचा पण काढला, ५ काही परत आले नाहीत. थंड झाल्यावर आपोआप परत ४.९८.

मीटरवाला_काका

शाबास. म्हणजे दोन आजार होते, एक बरा झाला. पी०६०६ गेला तो अर्थमुळेच येत होता.

आता उरलं एवढंच, की लाइन वायरमुळे खाली बसतेय का ईसीयूच्या आतून. सगळे सेन्सर काढले तरी वायर तर लोंबतेच आहे ना इंजिनवरून. सर्किट डायग्राम मिळव, ईसीयूच्या कपलरमधून त्या रेफरन्सच्या जेवढ्या वायर असतील तेवढ्या पिना मागे ओढून काढ, पिन काढायचं बारीक टूल मिळतं, सुईने उचकू नकोस, लॉक तुटतं. त्या जागी एक सुटी पिन वायर लावून घाल, कपलर बसव, इग्निशन ऑन. म्हणजे आता ईसीयूला त्या लाइनवर कसलाच लोड नाही. मग ईसीयूला गरम कर. घरातला हेअर ड्रायर, मध्यम गरमवर, वीतभर लांबून, सावकाश. हीट गन नको, प्लास्टिक वितळेल. गाडी थंड, फक्त ईसीयू गरम आणि तरीही ५ व्होल्ट बसले तर ईसीयूवर शिक्का मारायला माझी हरकत नाही.

धायरीकर

केलं. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला सोबत घेतला कारण पिना काढायची हिंमत होईना. ड्रायर बायकोचा, परवानगी घेऊन. ईसीयूचं झाकण हाताला चटका बसेल इतकं तापलं आणि ४.९८ वरून धाडकन ३.४. ड्रायर बंद करून टेबल फॅन लावला, परत ४.९७. परत गरम, परत तेच. सुट्या पिनवर, वायरिंगशी संबंध नाही.

म्हणजे ईसीयूच. आता नवीन, जुना, का रिपेअर?

फर्मवेअरताई

छान टेस्ट केलीत, बऱ्याच वर्कशॉपमध्ये एवढं करत नाहीत. मी गाड्यांच्या कंट्रोलरवरच काम करते (हिंजवडी, अजून काही विचारू नका), तर ऐंशी आणि पंधरामधला फरक सांगते.

ईसीयू म्हणजे नुसता पार्ट नाही, त्याच्या आत तुमच्या गाडीची माहिती असते. एक मोठी फ्लॅश मेमरी, त्यात प्रोग्रॅम आणि इंजिनचे मॅप. आणि एक छोटी ईईप्रॉम, त्यात चॅसी नंबर, इमोबिलायझरचा डेटा म्हणजे कुठली चावी ओळखायची ते, आणि तुमच्या चारही इंजेक्टरचे कोड. प्रत्येक इंजेक्टर बनताना थोडा कमी-जास्त डिझेल सोडतो, म्हणून त्याच्या डोक्यावर एक कोड छापलेला असतो आणि ईसीयू त्याप्रमाणे दुरुस्ती करतो. नवीन ईसीयू कोरा येतो. तो बसवून कंपनीच्या टूलने हे सगळं भरावं लागतं, चाव्या शिकवाव्या लागतात, त्याचे पैसे त्या ऐंशीमध्ये आहेत. पंधरावाला जो देतोय त्यात दुसऱ्याच गाडीचा डेटा आहे. नुसतं कपलर लावून पळवा म्हटलं तर इमोबिलायझर चावी ओळखणार नाही, सेल फिरेल, गाडी उचलणार नाही किंवा उचलून लगेच बंद.

मधला रस्ता आहे क्लोनिंग. त्याच नंबरचा जुना ईसीयू घ्यायचा आणि तुमच्या ईसीयूमधली फ्लॅश आणि ईईप्रॉम दोन्ही जशीच्या तशी त्यात उतरवायची. गाडीला कळतच नाही ईसीयू बदललाय. चावी तीच, इंजेक्टर कोड तेच. तुमचा ईसीयू थंड असताना नीट चालतोय हे तुमचं नशीब, आत्ताच त्याचा पूर्ण बॅकअप काढून घ्या, उद्या पूर्ण मेला तर चिप बोर्डवरून उतरवून वाचावी लागेल. त्या काळच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत बॉशचा ईडीसी१६ असतो, त्यात फ्लॅश आणि ईईप्रॉम वेगळ्या चिपमध्ये असतात, वाचणं तुलनेने सोपं. ईडीसी१७ असेल तर फ्लॅश प्रोसेसरच्या पोटातच असते, बूट मोडमध्ये जाऊन वाचावं लागतं, त्याला अनुभवी माणूस पाहिजे.

नंबर कसा बघायचा: बॉश असेल तर लेबलवर ०२८१ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर असतो (०२६१ असेल तर पेट्रोलचा). तो पूर्ण जुळला पाहिजे, शेवटचे आकडे "जवळपास तेच" चालत नाहीत. आणि पुण्याच्या गाड्यांची एक खास भानगड लक्षात ठेवा. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ (प्रदूषणाचा नियम) फक्त १३ शहरांत लागू झालं, त्यात पुणे होतं, मुंबई आणि सोलापूरही. बाकी जिल्ह्यांत बीएस-३ गाड्याच विकल्या जात होत्या, आणि देशभर बीएस-४ झालं ते थेट एप्रिल २०१७ ला. त्यामुळे तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच रंगाची २०११ ची साताऱ्याची गाडी भंगारात निघाली तरी तिचा ईसीयू वेगळा असू शकतो. दुकानदार "सेम मॉडेल आहे हो" म्हणेल. मॉडेल बघू नका, लेबल बघा.

भोसरी_गॅरेज

ताईंनी बरोबर सांगितलं. फक्त एवढं क्लोन-बिन करायची गरज न्हाय, इमो ऑफ करून मिळतं की. इमोबिलायझरच काढून टाकायचा फाइलमधनं. स्वस्तात काम.

फर्मवेअरताई

दादा, तो शॉर्टकट मला पटत नाही. इमो ऑफ केला की कुठल्याही कापलेल्या चावीने गाडी चालू होते. चोरी झाली आणि विमा कंपनीने तपासणी केली तर मालकाने स्वतःच सुरक्षा काढून ठेवली असं दिसणार. मूळ डेटा हातात असताना तो का काढायचा? ज्याचा मूळ ईसीयू जळून राख झालाय आणि काहीच वाचता येत नाही त्याची गोष्ट वेगळी, त्याने सुद्धा कंपनीकडून पिन नंबर (सिक्युरिटी कोड) घेऊन चाव्या नव्याने शिकवून घ्याव्यात.

आणि धायरीकर, क्लोन करणारा हमखास म्हणेल "फाइल टाकतोच आहे तर पॉवर पण वाढवून देतो, ईजीआर पण बंद करतो" (ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह). नको म्हणा. पीयूसी आणि फिटनेसच्या तोंडावर तर अजिबातच नको.

भोसरी_गॅरेज

ते बी खरं हाय. गिऱ्हाईकच मागतं म्हनून बोललो. जुना ईसीयू कुठं बघायचा ते सांगतो, आधी कुदळवाडीत सगळं मिळायचं पन तिथली भंगार गोडाऊनं २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली, माल पांगला. नाना पेठेत बघ, बिल देनाऱ्याकडनंच घे, आन कुठल्या गाडीतनं काढलाय तिचा चॅसी नंबर बिलावर लिहून घे. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी पान्हे घ्यायला जा, ईसीयू घ्यायला नको.

पेठकर

रिपेअरचा विचार कोणी करतच नाहीये. नुसता ५ व्होल्टचा रेग्युलेटर किंवा एखादा ड्राय सोल्डर (सुटलेला टाका) असेल. गरम झालं की सुटतं, थंड झालं की जुळतं, लक्षणं तर तीच सांगतायत. दोन-चार हजारात झाला असता.

फर्मवेअरताई

@पेठकर मुद्दा योग्य आहे, पहिल्यांदाच :) रिपेअर होऊ शकतो, रेग्युलेटर बाजारात मिळत असेल तर काम चांगलंही होतं. पण दोन अडचणी. झाकण सिलिकॉनने सील केलेलं असतं, उघडताना बोर्ड वाकला तर नवीन ठिकाणी भेगा. काही ईसीयूत सिरॅमिक बोर्ड आणि केसासारख्या ॲल्युमिनियमच्या तारा असतात, तिथे सोल्डरिंग आयर्न चालतच नाही. आणि परत बंद करताना बरेच जण दुकानात मिळतं ते साधं सिलिकॉन लावतात, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो. ते वाळताना ॲसिड सोडतं आणि आतलं तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच पाहिजे. झाकणावर हवेसाठी एक छोटं पांढरं पडद्यासारखं छिद्र असतं ते बुजवायचं नाही, नाहीतर गरम-थंड होताना कपलरमधून पाणी आत ओढलं जातं.

माझं मत: क्लोन करून घ्या, चालू करा, आणि मग जुना निवांत रिपेअरला द्या. घाटात बंद पडणाऱ्या गाडीवर प्रयोग नकोत.

मीटरवाला_काका

मला ताईचं पटतं. फक्त बसवताना घाई करू नकोस. नवीन-जुना कुठलाही ईसीयू बसवायच्या आधी तो का गेला ते बघ, नाहीतर दुसरा पण त्याच वाटेने जाईल. तुझ्या बाबतीत अर्थ आणि पाणी, दोन्ही मिटलंय. तरी इंजेक्टरच्या वायर बॉडीला शॉर्ट नाहीत ना ते कपलर काढून बघ. त्यांचा आपसातला रेझिस्टन्स एक ओहमच्या पण आत असतो, साध्या मीटरला तो कळणार नाही, त्याच्या नादी लागू नकोस, बॉडीशी शॉर्ट आहे का तेवढं पुरे.

बॅटरीचं निगेटिव्ह काढून मग कपलर. पिनांना बोट लावू नकोस. कपलरचं लिव्हर शेवटपर्यंत टक् आवाज येईपर्यंत. हार्नेस ईसीयूत शिरण्याआधी थोडा खाली झुकू दे म्हणजे पाणी आलंच तर तिथून टपकेल. क्लोन करणारा जर गाडीतच फाइल लिहीत असेल तर बॅटरीला सपोर्ट चार्जर लावलाच पाहिजे, लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं की ईसीयूचा दगड होतो. आणि दुकानदाराने टेबलावर पाच मिनिटं चालवून दाखवला म्हणून खूश होऊ नकोस, तुझा जुना पण टेबलावर पास झाला असता. ड्रायर आहेच की घरी.

धायरीकर

झालं एकदाचं. अपडेट टाकायला उशीर झाला, सॉरी.

नाना पेठेत सेम ०२८१ नंबरचा मिळाला, आधी ज्याने पंधरा सांगितले त्याच्याकडे नव्हताच, त्याच्याकडचा शेवटच्या दोन आकड्यांनी वेगळा होता आणि तो "चालतोय हो साहेब" म्हणत होता. ताई तुमच्यामुळे वाचलो. दुसऱ्या दुकानात मिळाला, अपघातात मागून ठोकलेल्या पुण्याच्याच गाडीतला, इंजिनच्या बाजूला काही लागलं नव्हतं, बिल दिलं, चॅसी नंबर लिहून दिला. क्लोनिंग भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये केलं, दोन्ही ईसीयू टेबलावर उघडून समोरच वाचले, माझ्या फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर मागून घेतली. पॉवर वाढवू का विचारलंच, नको म्हटलं. सगळं मिळून सर्व्हिस सेंटरच्या कोटेशनच्या तिसऱ्या हिश्श्यात बसलं.

बसवायच्या आधी ड्रायर टेस्ट केली, ५ व्होल्ट हलले नाहीत. पहिल्या सेलला चालू, चावी तीच. स्कॅनरवर इंजेक्टरचे कोड इंजेक्टरवर छापलेल्या कोडशी जुळवून बघितले, बरोबर आहेत. भर दुपारी एसी लावून खंबाटकी चढवली, जुन्या घाटाने, मुद्दाम दुसऱ्या गिअरवर रखडवत. काही नाही. फक्त एक ग्लो प्लगचा (थंडीत स्टार्टिंगला मदत करणारा) कोड राहिलाय, तो आधीपासून होता का आठवत नाही, पुण्याच्या थंडीत काही अडत नाही तोवर बघू.

जुना ईसीयू त्याच वर्कशॉपमध्ये ठेवलाय, उघडल्यावर म्हणाला रेग्युलेटरजवळ डाग आहे, करून बघतो. @पेठकर झाला तर कळवतो.

मीटरवाला_काका

ग्लो प्लगचा रिले आणि एकेक प्लग मोजून घे सवडीने. थंड प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. आणि पावसाळ्याआधी ती वायपरखालची जाळी.

नवीन_सभासद_एमएच१४

सर माझ्या पण गाडीत सेम प्रॉब्लेम आहे, फक्त माझी पेट्रोल आहे आणि स्कॅनर कनेक्टच होत नाही, ईसीयू कितीला पडला आणि नंबर मिळेल का दुकानाचा??

पेठकर

पेट्रोल आहे आणि स्कॅनर लागत नाही, म्हणजे सेम काहीच नाही. वर सगळं लिहिलंय ते आधी वाचा.

मीटरवाला_काका

अरे पेठकर, असू दे. बाळा, बॅटरीचं निगेटिव्ह काढ आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबर पिनच्या मधे ओहम मोज. ६० च्या आसपास आलं तर कॅन लाइन (ईसीयूशी बोलायच्या दोन वायर) ठीक आहे, १२० आलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन वायर एकमेकींना चिकटल्यात. मग बॅटरी जोडून १६ नंबरला १२ व्होल्ट आणि ४-५ ला अर्थ येतोय का बघ, बऱ्याचदा सिगरेट लायटरचा फ्यूज उडालेला असतो आणि पोर्ट त्याच फ्यूजवर असतो. आकडे घेऊन नवीन धागा काढ, तिथे बोलू.